जुना पंखा

गंगाखेडच्या बसस्टँडजवळ माझं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वीस वर्षांचा अनुभव असा, की बंद पडलेला सीपीयू घेऊन येणारा माणूस आधी खोटं बोलतो. 'काहीच केलं नव्हतं, आपोआप बंद पडला.' म्हणून मी आधी खेकसतो आणि मग स्क्रू काढतो.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी केवळाबाई आल्या. सीपीयू जुन्या लुगड्यात बांधून एसटीतून मांडीवर आणलेला. त्यावर हळदीकुंकवाची बोटं, फटीत झेंडूची पाकळी. त्यांचा मुलगा हरिओम गावात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचा. होळीच्या सुमारास मोटारसायकलवरून पडला आणि गेला.

"काय केलं याला?"

"दसऱ्याला पुसून पूजला, बाबा. विळे-खुरपे धुतो तसा. मागूनबी चांगला घासला. मग बटन दाबलं, तर ठो झालं अन् धूर निघाला."

मागं व्होल्टेजचं एक लाल बटन असतं. घासताना ते दोनशे तीसवरून एकशे पंधरावर सरकलं होतं आणि घरातल्या दोनशे तीसच्या विजेनं पॉवर सप्लाय, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, जळला होता.

"मशीन म्हणजे विळा आहे का, मावशी?" मी बोलून गेलो. माझ्या जिभेला हाड नाही. त्यांनी फटीतली पाकळी काढून पदराच्या टोकाला बांधली.

"त्यातले फोटो काढून देतो," मी जरा नरमलो.

"फोटू घरी हायेत. मला त्याच्यातलं काईच नको. मी रोज सकाळी बटन दाबते अन् चुलीपाशी बसते. त्याच्या खोलीतून घर्र घर्र ऐकू येतं, तर लेकरू काम करायलंय असं वाटतं. तेवढं सुरू करून दे."

ऐकलं मी, पण डोक्यात शिरलं नाही. दुकानातला सगळ्यात चांगला पॉवर सप्लाय बसवला, धूळ काढली, बटन दाबलं. स्क्रीन उजळली. मी खूश.

केवळाबाईंनी सीपीयूला कान लावला. बराच वेळ तशाच वाकून राहिल्या.

"न्हाई झाला सुरू."

"झालाय की! समोर बघा."

"मग आवाज कुठं हाय?"

नव्या सप्लायचा पंखा आवाजच करत नव्हता. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. जुना सप्लाय मी भंगाराच्या पोत्यात फेकला होता. तो शोधून उघडला. आतलं सगळं जळलेलं, पण पंखा धड होता, फक्त झिजलेला. असा पंखा दुसऱ्या कुणाला बसवला असता, तर त्यानं मला शिव्या घातल्या असत्या. मी तो पुसला आणि नव्या सप्लायमध्ये बसवला.

बटन दाबलं. घरघर सुरू झाली.

केवळाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मग माझ्या दुकानात, भरदुपारी, त्यांनी घरी चुलीपासून मारावी तशी हाक मारली, "हरिओम, भाकर थंड व्हायलीय. ऊठ बाबा आता."

आणि दाराकडे बघत राहिल्या. बाहेर परभणीची एसटी लागली होती. मी बटन बंद केलं नाही, त्यांच्यासाठी स्टूल पुढं सरकवलं.