वायर पुरत नाही

प्रदूषण मंडळाच्या तपासनिसाने पिन बोर्डात खुपसली आणि हवा खेचणारं यंत्र घरघरायला लागलं. आत कोरा पांढरा फिल्टर होता, संध्याकाळी तो काढून लॅबला द्यायचा. गेटपाशी, वॉचमनच्या केबिनला लागून, अकरा वर्षं हीच जागा होती. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या या कारखान्यात बाहेरच्या बाजूला प्लग एवढा एकच, आणि यंत्राची वायर जेमतेम दोन हात.

वारा नेहमीप्रमाणे गेटकडून येत होता आणि भट्टीवरून मागच्या चाळीकडे जात होता. येण्याआधी कळवायची पद्धत असल्यामुळे आवारात सकाळीच पाणी मारलेलं होतं. मॅनेजरही आज फार गोड बोलत होता.

वॉचमन स्टूल घेऊन शेजारी बसला. तो त्या चाळीतच राहायचा.

"साहेब, हे डबडं एकदा आमच्याकडे लावून बघा की. नातीचं पोट सारखं दुखतं. डॉक्टर म्हणतात, रक्त तपासा."

"वायर पुरत नाही हो."

"ते तर तुम्ही मागच्या खेपेलाही म्हणालात," वॉचमन हसला. त्यात राग नव्हता, आणि तपासनिसाला तेच जड गेलं. लांब वायर आणायचं तो दरवेळी ठरवायचा आणि सोयीस्कर विसरायचा. संध्याकाळी फिल्टर जरासा मळलेला निघाला. आकडा मर्यादेच्या आत येणार, हे त्याला लॅबआधीच ठाऊक होतं.

घरी आल्यावर त्याने बूट दाराबाहेर काढले, कपडे मागे ठेवलेल्या झाकणाच्या बादलीत टाकले आणि कशालाही हात न लावता तो न्हाणीत शिरला. बायको गेल्यापासून ते कपडे तो स्वतःच वेगळे धुवायचा. का, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

डोकं पुसत बाहेर आला तर बादली रिकामी होती. लेक गॅलरीत उभी होती. तिला सातवा महिना होता, जावई बोटीवर, म्हणून ती महिनाभर इथेच होती. बापाची शर्ट-पँट ती कठड्याबाहेर झटकत होती.

"केवढी धूळ ही, बाबा. म्हटलं, आधी झटकून घ्यावी."

त्याने तिच्या हातातले कपडे हिसकावून घेतले. तिला मनगटाला धरून नळाखाली नेलं आणि तिचे हात साबणाने घासू लागला, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा. तो घाबरला होता, आणि लपवायचं त्याला सुचलं नाही.

"तोंड धू. साडी बदल. चूळ भर आधी."

"बाबा, काय झालं?"

"शिसं असतं त्यात. पोटातल्या बाळाला..."

लेकीने नळाखालून हात काढून घेतले. त्याचे रिपोर्ट लग्नाआधीपासून तीच टाइप करून द्यायची.

"पण आपण तर दरवेळी लिहितो, हवेत काही नाही म्हणून."

ती कपडे बदलायला गेली. नळ तसाच वाहत होता. तो बंद करून तपासनीस स्टुलावर बसला. बऱ्याच वेळाने त्याने फोन उचलला. तपासणीच्या आदल्या दिवशी मॅनेजरला फोन करायचा, हे अकरा वर्षांत चुकलं नव्हतं. आज त्याने नंबर लावला तो वॉचमनचा.

"उद्या पुन्हा येतोय. मॅनेजरना सांगू नका."

"बरं, साहेब."

"तुमच्या घरात प्लग आहे का हो?"

"आहे की, साहेब," वॉचमन म्हणाला. "चाळीत घरटी एक आहे. पहिल्यापासून."