नालीकाठच्या व्हॉल्वची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना व्हॉल्व आहे आणि मला माझीच किळस येते. अकोला-अमरावती रस्त्यावरच्या एका लहान शहरात, वस्तीतल्या नालीला खेटून एक खड्डा आहे, त्यात मी राहतो. शहराचं नाव सांगत नाही. त्याची अब्रू मी का काढू?

मला बसवलं तेव्हा माझ्यावर नारळ फुटला होता, हळदकुंकू लागलं होतं. नबी मिस्त्री तेव्हा माझी देखभाल करायचे. माझ्या दांड्याभोवती तेलात भिजवलेली दोरी दाबून भरावी लागते, म्हणजे पाणी बाहेर झिरपत नाही. नबी मिस्त्री ती दर दिवाळीआधी बदलायचे आणि वरचा नट घट्ट आवळायचे. मग हात पुसून म्हणायचे, "आता थेंब नाई निघत." आणि खरोखरच निघत नसे. त्या दिवसांत मी स्वतःला फार मोठा समजत असे.

नबी मिस्त्री निवृत्त झाले आणि देवमन आला. माणूस वाईट नाही, पण त्याच्या एकट्याच्या गळ्यात तीन वस्त्यांचे व्हॉल्व. दोरी कुजली तेव्हा त्याने सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून वेळ मारून नेली. मी गळू लागलो. आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो, पण टाकीकडून येणारं पाणी माझ्या अंगाशी सदोदित उभं असतं. त्यामुळे मी रोज, चोवीस तास गळत होतो.

आणि लोकांना ते आवडलं! समोरच्या खुशालरावांनी माझ्याखाली पन्हाळी लावून बादली ठेवली. तिच्यावर त्यांचा कूलर भरायचा, स्कूटर धुतली जायची, दारातली तुळसही ओली व्हायची. प्यायला मात्र त्यांच्या घरी विकतच्या पाण्याची कॅन यायची. देवमन एकदा नवी दोरी घेऊन आला, तर खुशालरावांनी त्याला चहा पाजला.

"राहू दे नं बावा," ते म्हणाले. "आमा चार घराले तेवढाच आधार हाये. कावून बंद करून राहिला?"

देवमनने तरीही दोरी भरली. दुसऱ्याच दिवशी खुशालरावांनी पाना आणून माझा नट दोन आटे सैल केला. अंगात पांढराशुभ्र सदरा, कपाळाला गंध, आणि काम हे! मला शिसारी आली.

हळूहळू खड्डा भरला. माझं गळलेलं पाणी आणि शेजारच्या नालीचं पाणी एक झालं. काळं, फेसाळ, त्यात अळ्या, पानाच्या पिचकाऱ्या, कुणाच्या तरी बाळाचे लंगोट. मी गळ्यापर्यंत त्यात बुडालो. कधी पंपाची वीज दिवसभर गेली की टाकी कोरडी पडते, पाइप रिकामा होतो, आणि रिकामा पाइप ओढ घेतो. ज्या फटीतून स्वच्छ पाणी बाहेर जात होतं, त्याच फटीतून ती घाण आत शिरायची. मी ती गिळायचो. पुढच्या खेपेला तीच घाण वस्तीच्या टोकाला जायची, कारण मला तोंड मिटता येत नव्हतं.

टोकाचं घर फरजानाचं. अर्धं पाणी माझ्यातूनच वाहून गेल्यावर तिच्या नळाला करंगळीएवढी धार यायची, तीही वास मारणारी. तिची सहा वर्षांची अलीझा कावीळ होऊन दवाखान्यात पडली. डोळे हळदीसारखे पिवळे झाले, पोटात काही ठरेना. डॉक्टरांनी पाण्याबद्दल विचारलं, तेव्हा नळाखाली बाटली भरून फरजाना थेट देवमनकडे गेली आणि त्याला घेऊन माझ्यापाशी आली.

देवमनने खड्डा उपसला. उपसताना त्याला दोनदा ओकारी आली. मग त्याने नवी दोरी भरली, नट आवळला. कितीतरी दिवसांनी माझं अंग कोरडं झालं. दवाखान्यातून येता-जाता फरजाना मुद्दाम माझ्या खड्ड्याच्या कट्ट्यावर बसू लागली. तिला लोकांची खात्री नव्हती.

तिसऱ्या दुपारी खुशालराव पाना घेऊन आलेच. "कूलर कोरडा पडला माहा. जरासाच ढिला करतो, बाई."

फरजाना भांडली नाही. तिने पिशवीतून तीच बाटली काढली, स्टीलच्या पेल्यात ओतली आणि पेला त्यांच्यापुढे धरला.

"काका, अगुदर हे प्या. मंग करा ढिला."

खुशालरावांनी पेला नाकाशी नेला आणि झटकन तोंड फिरवलं. "हे कुठचं गटाराचं पाणी आणलं?"

"माह्या नळाचं हाये. तुमी एक घोट नाई पिऊन राहिले. माही अलीझा महिनाभर पिली."

खुशालरावांनी पेला नालीत रिकामा केला, पाना सदऱ्याखाली लपवला आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. माफी मागितली नाही.

मित्रांनो, गळका व्हॉल्व कुणाचाही आधार नसतो. तो दिसला तर त्याखाली बादली लावू नका, देवमनसारख्याला हाक मारा आणि त्याचं काम होईपर्यंत हलू नका. काल फरजाना देवमनला सांगत होती, अलीझा घरी आली आहे. पण पाणी उकळून दिलं तरी ती आधी पेला उजेडाकडे धरते, आत बोट फिरवते आणि विचारते, "अम्मी, हे तुमी पिऊन पाह्यलं का?"