दत्तोबाचा एक चिंचोका

मी एक जुना पत्त्यांचा कॅट आहे, मित्रांनो. पत्ते म्हटलं की तुमच्या घरची मोठी माणसं नाक मुरडतात, ठाऊक आहे मला. पण माझ्यावर कधी कुणी एक पैसासुद्धा लावला नाही. लावले ते चिंचोके.

पिंपरीजवळच्या एका वस्तीवरच्या दत्तोबाने मला पुण्याहून आणलं, तेव्हा माझ्या पाठीवर निळी वेलबुट्टी होती आणि अंगाला कोऱ्या कागदाचा वास. त्या घरात दत्तोबा, त्याची बायको शालनबाई, दोन लेकरं, धाकटा भाऊ भैरू आणि आई मंजुळाबाई राहत. भावाभावांत वाद झाला की तो माझ्यावर मिटे. जत्रेला कोण जाणार, बैलांपाशी कोण थांबणार, सगळं तीन पानांवर ठरे. दोघे आळीपाळीने चिंचोके सरकवत. पानं हलकी वाटली तर उलटीच टाकून द्यायची; नाहीतर तेवढेच चिंचोके टाकून "दाव" म्हणायचं. टाकलेली पानं मात्र नंतर कुणी उलटून पाहायची नाहीत, असा मंजुळाबाईंचा दंडक होता.

दत्तोबाला एक खोड होती. पानं भारी आली की शेवटच्या चालीला तो नखाने एकच चिंचोका पुढे ढकली, समोरचा बिचकून पळू नये म्हणून. भैरू हसून म्हणे, "दादा, तुजा एक चिंचोका लई म्हाग पडतो."

मग पंचावन्न साली त्यांची जमीन कारखान्यासाठी गेली. घरटी एका माणसाला नोकरी मिळणार होती. दुसऱ्याने पोटासाठी गाव सोडायचं. दत्तोबा लेकुरवाळा, नोकरी त्यालाच हवी होती. पण थोरल्याने धाकट्याकडे मागायचं कसं? जीभ रेटेना, म्हणून रविवारी दुपारी त्याने घोंगडीवर मला मांडलं.

त्याच्या हातात दुर्री, पंजा आणि नव्वी आली. याहून हलकी पानं मी त्याला क्वचितच दिली असतील. तरीही शेवटी त्याने नखाने एकच चिंचोका पुढे ढकलला. त्याच्या बोटांचा घाम मला लागला. मित्रांनो, मला त्याची लाज वाटली आणि दयाही आली.

भैरूने भावाच्या तोंडाकडे पाहिलं. मग आपली तीन पानं उलटीच माझ्या तळाशी सरकवली.

"आरं, एकच तर हाय. टाक आन् बघ की," मंजुळाबाई म्हणाल्या.

"ऱ्हाऊ दे आये. दादाचा एक चिंचोका म्हंजे भारीच पानं. नोकरी दादाची."

दत्तोबाने आपली पानं झटकन माझ्यावर पालथी घातली आणि मला चिंचोक्यांसकट फडक्यात बांधलं. आठवड्याभरात भैरू लोणावळ्याकडे दगडाच्या खाणीवर गेला. मला पुन्हा कुणी सोडलं नाही. दत्तोबा शिफ्टवरून येई, फळीवरच्या गाठोड्याकडे पाही आणि जेवायला बसे.

तीन वर्षांनी खाणीत दरड कोसळली. भैरूचा तेरावा उरकल्यावर दत्तोबाने फडकं सोडलं. वरची आपली तीन पानं उघडी केली. "दाव म्हनला असतास तर हीच निघाली असती, भैरू," तो पुटपुटला. मग आईचा दंडक मोडून त्याने तळाची तीन पानं उलटली.

तीन बादशहा.

तीन बादशहा हातात असलेला माणूस एका चिंचोक्याला भिऊन पळत नाही, हे दत्तोबाला कुणी सांगायला नको होतं. त्याने एक चिंचोका उचलला, बादशहांपुढे ठेवला आणि लहान मुलासारखा रडला. "मला नोकरी दे म्हनलो असतो, तर दिलीच असतीस की रं."

मित्रांनो, पत्त्यांना जपा, असं मी सांगणार नाही. मला फार जपलं, तीन वर्षं गाठ मारून जपलं. ती गाठ भैरू जिवंत असताना एकदा जरी सुटली असती, तर लोणावळा काही लांब नव्हतं.