गोटचाटीचं बारसं

भैरवीला तो मासा सापडला तेव्हा ती नाल्यात पालथी पडली होती. म्हणजे आधी ती पडली, आणि पडताना हातातली जाळी ज्या दगडाखाली गेली तिथून मासा निघाला. शोधनिबंधात याला पद्धतशीर सर्वेक्षण म्हणतात.

मासा करंगळीएवढा. अंगावर काळे-पिवळे पट्टे, ओठाशी मिशा, आणि स्वभाव असा की वाहत्या पाण्यात दगडाला पोट लावून बसायचं, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. रामटेकच्या पलीकडे गोटाळी नावाचं गाव आहे. त्या गावच्या नाल्यात, तेही वरच्या अंगाला जो दगडगोट्यांचा पट्टा आहे तेवढ्यातच, तो राहायचा. गावातले लोक त्याला गोटचाटी म्हणत, कारण ती गोटे चाटते. खात मात्र कुणी नसे, कारण खाण्यासारखं तिच्यात काही नव्हतंच. भैरवीने आसपासचे सगळे नाले उन्हातान्हात पालथे घातले, पण असा मासा दुसरीकडे कुठे मिळाला नाही. गोटाळीच्या दृष्टीने तो जुनाच होता. जगाच्या दृष्टीने नवा होता, आणि जगाला कळवायचं तर त्याला नाव द्यावं लागणार होतं.

विद्यापीठात भैरवीचे मार्गदर्शक विश्वनाथ सर निवृत्तीला टेकले होते. सरांनी जन्मभर माशांना जीव लावला, पण त्यांचं नाव लावावं असं एकाही माशाला वाटलं नव्हतं. "माझं नाव वगैरे देऊ नकोस हं," सर म्हणाले. चहा घेताना पुन्हा म्हणाले. संध्याकाळी स्कूटर काढताना तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा भैरवी समजली की आता द्यावंच लागणार. तिने दिलंही असतं. मध्ये जेसीबी आला.

झालं असं, की गोटाळीच्या ग्रामसभेने हिवाळ्यातच नाला खोलीकरणाचा ठराव करून टाकला होता. उन्हाळ्यात खोदकाम सुरू व्हायचं होतं. गावाचं काही चुकत नव्हतं. होळी झाली की तिथल्या विहिरी तळ दाखवत, आणि तळ काही पिता येत नाही. खालच्या अंगाला काळ्या मातीत नाला खोल केला तर पाणी थांबणार, मुरणार, विहिरींना उतरणार. भैरवीचं त्याच्याशी भांडण नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच होतं की वरचा गोट्यांचा पट्टा तेवढा सोडा. तिथे खाली कातळ आहे, खोदून पाणी मुरायचं नाही, आणि गोटे उचलले की गोटचाटी संपली. मग ती विभागातल्या कपाटात बाटलीत तेवढी उरणार. या विचाराने भैरवीला खरोखर रडू यायचं. करंगळीएवढ्या माशासाठी आपण रडतो हे घरी सांगता येत नाही, म्हणून ती सर्दी झाली म्हणायची.

तिने गावात विचारलं, "इथले सरपंच कोण?" ज्याला विचारलं तो म्हणाला, "चंपतरावजी." यात कुणी खोटं बोललं नाही. कागदावर सरपंच होत्या प्रयागबाई. जागा महिलांसाठी राखीव होती, म्हणून चंपतरावांनी बायकोला उभं केलं आणि ती निवडून आल्यावर स्वतः बसले. सरपंचाची खुर्ची, शिक्का आणि मोबाइल त्यांच्याकडे असायचा. प्रयागबाईंकडे सही होती. हे सगळं गावाच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की परक्या पोरीला वेगळं सांगायचं कुणाला सुचलंच नाही.

भैरवीने डोकं लढवलं. मासा चंपतरावांच्या नावे केला तर? स्वतःच्या नावाचा जीव माणूस जेसीबीखाली कसा जाऊ देईल? युक्ती तिला फार आवडली. विद्यापीठात शिकलेल्या माणसाला युक्ती सुचली की तो तिची चौकशी करत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर निबंध छापून आला आणि माशाचं शास्त्रीय नाव जगजाहीर झालं: शिस्टुरा चंपतरावी. विश्वनाथ सरांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला, "छान आहे," म्हणाले, आणि त्या दिवशी चहा एकट्याने प्यायला.

चंपतरावांना मात्र आभाळ ठेंगणं झालं.

"म्हंजे, माह्या नावाचा मासा? साऱ्या जगात?"

"साऱ्या जगात."

"तालुक्यात दुसऱ्या कोनाच्या नावाचा हाय काय?"

"नाही, काका."

एवढं पुरे झालं. बसस्टॉपवर फ्लेक्स लागला. डावीकडे चंपतराव, उजवीकडे मासा, दोघेही एकाच मापाचे, दोघांनाही मिशा. चंपतरावांची तक्रार एकच होती. "पन हे 'रावी' काहून केलं मॅडम? बाईचं नाव वाटून राहिलं ना." लॅटिनमध्ये पुरुषाच्या नावाला 'ई' लागतो, असं भैरवीने समजावलं. लॅटिनचाच नाइलाज म्हटल्यावर चंपतरावांनी ते सोडून दिलं, आणि गोट्यांच्या पट्ट्याला कुणी हात लावणार नाही असा शब्दही दिला.

शब्द देणं सोपं होतं. ग्रामसभेने केलेला ठराव ग्रामसभेनेच बदलावा लागतो. तोवर जेसीबी खालून खोदत खोदत वर यायला लागला होता, आणि पट्टा आता हाकेच्या अंतरावर होता. ग्रामसभा बोलावली होती, आणि त्या दिवशी तिथे नवा ठराव झाला नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला दात गोट्यांत बसणार होता.

सभेला पंचायत समितीतून दीपमाला मॅडम आल्या. विस्तार अधिकारी, नव्या, आणि बाई सरपंचाच्या जागी पतीने बसायचं नाही हा वरून आलेला आदेश मनावर घेणाऱ्या. त्यांनी आल्या आल्या विचारलं, "सरपंच कोण?" चंपतराव खुर्चीतून उठून नमस्कार करायला लागले. बायकांत बसलेल्या प्रयागबाईंकडे हात करत मॅडम म्हणाल्या, "तुम्ही नाही. यांचे पती ना तुम्ही? पतींनी बाहेर बसायचं." चंपतराव ओसरीवर जाऊन खिडकीखाली बसले. सरपंच झाल्यापासून प्रयागबाई त्या खुर्चीत पहिल्यांदाच बसल्या. खुर्ची डुगडुगते हे त्यांना तेव्हा कळलं.

प्रयागबाईंना वाचता चांगलं येत होतं. माहेर भिवापूरचं, सातवी पास. ग्रामसेवकाने लिहून दिलेला ठराव त्या खणखणीत आवाजात वाचू लागल्या. "वरच्या भागातील दगडगोट्यांचा पट्टा खोलीकरणातून वगळण्यात यावा, कारण त्या पट्ट्यात आढळणारा दुर्मीळ मासा शिस्टुरा..."

आणि थांबल्या.

दारात जेसीबीचा ड्रायव्हर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत उभा होता. तोही घोटायचा थांबला.

"वाचा ना," दीपमाला मॅडम म्हणाल्या.

"पुढचं घेता येत नाही."

"काहून?"

"आमच्या घरच्यायचं नाव हाय."

हे भैरवीच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिची आई तिच्या बाबांना गच्चीवरून नावाने हाक मारते आणि अख्खी गल्ली ऐकते. प्रयागबाईंनी मात्र लग्न झाल्यापासून उखाण्याशिवाय ते नाव उच्चारलं नव्हतं. बँकेत विचारलं तरी नणंदेला कोपराने ढोसायच्या, मग नणंद सांगायची.

"मावशी, ते लॅटिन आहे," भैरवी कळवळून म्हणाली.

"लॅटिन असन तुह्या घरी. माह्या कानाले तेच आयकू येते."

"मग नुसतं गोटचाटी म्हणा!"

दीपमाला मॅडमनी कागद वर केला. "गोटचाटी चालणार नाही. या भागात तीन वेगळ्या माशांना गोटचाटी म्हणतात, स्थानिक नावांवर विसंबू नये, असं तुम्हीच पंचायतीला दिलेल्या अर्जात लिहिलंय. खाली रेघ बी मारली आहे." रेघ खरोखर होती. भैरवीने पट्टी लावून मारली होती.

ग्रामसेवक म्हणाला, मी वाचतो. मॅडम म्हणाल्या, ठराव अध्यक्षांनीच मांडायचा. मागे पुरुष मंडळी हसायला लागली. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "घे ना वं! मी सांगून राहिलो ना, घे नाव!"

"काका, खिडकीतून बी नाही," मॅडम म्हणाल्या.

"आन त्यायनं सांगतलं म्हणून त मी घेतच नाही," प्रयागबाई म्हणाल्या. मग त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि भैरवीकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत तिच्याकडे त्यांनी असं पहिल्यांदाच पाहिलं, आणि खरं म्हणजे तिनेही त्यांच्याकडे.

"पोरी, खरं सांग. तो पट्टा सोडला त माह्या विहिरीचं पानी कमी होईन काय?"

"नाही, मावशी. तिथं खाली कातळ आहे."

"आन खोदला त वाढन काय?"

"नाही वाढणार."

"मंग ते मासोळी कुठं जाईन?"

"कुठंच नाही. दुसरीकडे ती नाहीच. संपेल."

"मले हे आधी काहून नाही सांगतलं?"

सांगायचं तर आधी विचारावं लागतं, आणि विचारायला भैरवी गेली होती भलत्याच दारी.

प्रयागबाई उभ्या राहिल्या. पदर डोक्यावरून नीट घेतला. लग्नघरात घास भरवायच्या वेळी बायका जशा उभ्या राहतात तशा, जरा तिरप्या. बायकांच्या बाजूला लगेच शांतता झाली, कारण त्यांना कळलं होतं. पुरुषांना कळायला थोडा वेळ लागला.

"खाली काळ्या मातीत खोदा, विहिरीले फुटू द्या झरा,
शिस्टुरा चंपतरावी म्हणते ज्याले, त्याले गोट्यातच थारा!"

बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कुणीतरी "आणखीन एक!" म्हणालं. हात वर करा म्हटल्यावर बायकांचे सगळे वर गेले आणि त्यांच्याकडे पाहून पुरुषांचेही गेले. ठराव मंजूर झाला. ठरावात यमक चालतं का, हे ग्रामसेवकाने दीपमाला मॅडमना हळूच विचारलं. मॅडम म्हणाल्या, आदेशात तसं काही म्हटलेलं नाही. ड्रायव्हरने बाहेर जाऊन खर्रा थुंकला, परत आला आणि म्हणाला, "मंग मी उद्या कुठून खोदू, तेवढं सांगा." त्याला खालचा काळ्या मातीचा भाग दाखवायला प्रयागबाई स्वतः गेल्या. चंपतराव मागून चालत होते. बायकोने भर सभेत आपलं नाव घेतलं याचा आनंद मानायचा की ते माशासाठी घेतलं याचं वाईट वाटून घ्यायचं, हे त्यांचं अजून ठरत नव्हतं.

ड्रायव्हर आणि चंपतराव गेल्यावर भैरवी नाल्याच्या काठाने प्रयागबाईंना गाठायला धावली. पट्ट्यावरून कातळातल्या झऱ्याचं बारीक पाणी खळखळत होतं. गोट्यांखाली जे होतं ते आपापल्या जागी होतं, आणि तिला इतकं हलकं वाटत होतं की तिने बोलायला नको ते बोलून टाकलं.

"मावशी, चुकलं माझं. नाव तुमचं द्यायला पाहिजे होतं. सरपंच तुम्ही."

"आता बदलता येते काय?"

"नाही. एकदा छापलं की कायमचं. जग बुडेपर्यंत तेच."

प्रयागबाई पाण्यात पाय सोडून काठावर बसल्या. "माह्यं बी तसंच झालं," त्या म्हणाल्या. "माह्या मायनं माह्यं नाव जयवंता ठेवलं होतं. लग्नात यायनं प्रयाग करून टाकलं. आन त्याच्यापुढं लावलं यायचं नाव. मले कोनं इचारलं नाही."

भैरवीने चपला काढल्या.

"हे बी बिचारी गोटचाटी म्हणून सुखात होती ना वं," प्रयागबाई पाण्याकडे पाहत म्हणाल्या. "कोनाचं काही खाल्लं नाही, पेल्लं नाही. तू आली, आन तिले बी माह्याच नवऱ्याचं नाव लावून देलं."

भैरवी शेजारी पाण्यात पाय सोडून बसली. प्रयागबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जाऊ दे. जिती त हाय."