पहिलं पडसं कुणाला

माझ्या सुनेचं एक वागणं मला पाच वर्षांपासून सहन होत नाही. सुकन्या मला उलटून बोलत नाही. वाढते, पाय चेपते, शेरडांचं बघते. पण "तुमच्यामुळं तुमचा लेक गेला" एवढं एक वाक्य तिच्या तोंडून निघत नाही. निघालं असतं तर मी चार शिव्या हासडल्या असत्या आणि मोकळी झाले असते.

कोरोनाच्या दुसऱ्या साली मी अक्कलकोटला पाहुण्यांत जाऊन आले आणि मला पडसं आलं. चार दिवस शिंकले, काढा प्यायले, उठले. मग बिरुदेव तापला. नवी पेठेत कापडाचा गठ्ठा एका खांद्यावर नेणारा माझा लेक. गावाकडं मैंदर्गीला आमच्या मेंढरांत रोग शिरला की म्हातारी मेंढरं जायची, दांडगा मेंढा तगायचा. म्हणून म्हटलं, ह्याला काय होतंय? चार दिवस दवाखान्यात नेऊ दिला नाही. नवव्या दिवशी गेला.

अजून धार काढताना पाठीमागं त्याचा खोकला ऐकू येतो. मी वळून बघत नाही.

काल अपेक्षा नावाची डॉक्टरीण कोरोनात माणूस गेलेली घरं अभ्यासासाठी शोधत आली. आमच्या दोघींच्या नाकात काडी फिरवली. मी विचारलं, "म्हातारी जगली आन् तरणा गेला, ह्ये कसं वो?"

"आजी, नाकातच शरीराचे राखणदार असतात. तुमचे लगेच उठले असतील. काहींचे उशिरा उठतात. तोवर रोग छातीत उतरतो, मग ते असे पिसाळतात की फुप्फुसाचीच नासाडी करतात."

"म्हंजे राखणीची कुत्रीच मेंढरं फाडत्यात म्हना की."

"तसंच."

"आन् रोग त्याला दिला कुनी?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

ती गेली. सुकन्या उंबऱ्याशी बसली होती.

"आत्या, तुमच्या आदी मला झालं हुतं."

"काय?"

"तुमी अक्कलकोटला जायच्या आदी दूध करपलं की. मला वासच आला न्हाय. तुमी म्हनला, नाक हाय का खुंटी. भ्या वाटलं, गप ऱ्हायले."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला हलकं वाटलं. मग तिच्याकडं बघितलं. ऐन तिशीत कानशिलं पांढरी झालेली.

मी म्हणाले, "ह्या घरात थोरली मी हाय. बिरूला रोग मी दिला. तू मदी पडायचं न्हाय."