डाव्या हाताची गोल करवत

मित्रांनो, शेवटी ईरम्मानं मलाच घेतलं. हे मी सांगितलंच नाही असं समजा. मी एक जुनी, विजेवर फिरणारी गोल करवत आहे आणि मला अजून कुणीही घेतलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. आई-वडील आठवत नाहीत; दोघंही साचेच असावेत. तिथून मी मन्नाएखेळ्ळीच्या हमरस्त्यावर, रेवणप्पाच्या हार्डवेअर दुकानात आले. माझं पातं मोटारीच्या उजव्या अंगाला. उजव्या हातात धरणाऱ्याच्या नजरेसमोर मोटार आडवी येते आणि लाकडावरची पेन्सिलची रेघ दिसत नाही. नेणारा मला कौतुकानं नेई आणि तिरप्या कापलेल्या फळीसकट परत आणून देई. शेवटी रेवणप्पा माझ्या मुठीला टोपी अडकवू लागला. खुंटी म्हणून माझं नाव चांगलं होतं.

एके दिवशी ईरम्मा आली, सोबत सासू पार्वतम्मा. सासूचे गुडघे वाकेनासे झालेले. जमिनीवर बसता येईना म्हणून पूजा खाटेवर, आणि पूजा खाटेवर म्हणून तिला घास गोड लागेना. सुताराचा 'उद्या' काही उजाडत नव्हता. तेव्हा बसायला उंच चौरंग आपणच करायचा, असं सुनेनं ठरवलं होतं.

रेवणप्पानं थोरली, चकचकीत करवत पुढं केली. ईरम्मानं ती उचलली आणि लगेच ठेवली. "अण्णा, ही चालवायला आधी तालमीत जावं लागंल."

मग टोपी बाजूला करून तिनं मला उचललं, डाव्या हातात. विजेची पिन काढलेली आहे ना बघितलं. पात्याचं झाकण मागं ओढून सोडलं. खट्! जागच्या जागी. मग फळीवर रेघ मारून ती वाकली.

"अव्वा, रेघ दिसायलीय!" तिनं सासूला सांगितलं.

मोटार पलीकडं, ईरम्मा अलीकडं, मधे कुणीच नाही. जन्मात पहिल्यांदा मला कुणी नीट पाहिलं.

"अक्का, उजव्या हातात धरा," रेवणप्पा म्हणाला. "पूजेचं काम, आन् डाव्या हातानं कामून करायलाव?"

ईरम्मानं मला खाली ठेवलं. त्या हातानं लहानपणापासून हेच ऐकलं होतं. मी टोपीची वाट बघू लागले.

रंगाच्या डब्यावर बसलेल्या पार्वतम्मानं विचारलं, "रेवणप्पा, गळ्यात लिंग हाय न्हवं तुझ्या?"

"हाय की."

"पूजेला कोणत्या हातावर घेतूस?"

रेवणप्पानं आपला डावा तळहात पाहिला, जणू आत्ताच कुणी आणून जोडला होता. "डाव्या."

"मंग देव बसतो त्या हातात तुझी मिशन बसत न्हाई व्हय?"

रेवणप्पानं टोपी डोक्यावर घातली आणि मला पुसायला घेतलं.

चौरंग झाला. जरासा डुलतो. पार्वतम्मा म्हणते, "डुलू दे, जपाला बरं पडायलंय." काम झालं की ईरम्मा माझी पिन काढते, भुसा झटकते आणि पात्याचं झाकण उघडं राहील असं कधीच बांधून ठेवत नाही. घरच्या मोठ्यांनाही तेवढं सांगा, मित्रांनो.

सबब, संबंधित अधिकाऱ्यांस नम्र विनंती की, समस्त उजव्या हातांकडून डाव्या हातांच्या नावे लेखी माफीनामा घेण्यात यावा. सही डाव्या हाताने करणे बंधनकारक असावे.