चाळीस बायका, एक बिल्ला

त्या शिवण कारखान्यात बायका चाळीस आणि बिल्ला एक. सुपरवायझरच्या टेबलामागे खिळ्याला टांगलेला तो लाकडी बिल्ला जिच्या हातात, तिनेच संडासला जायचं. म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नसत. याला तिथे शिस्त म्हणत. धन्य ती शिस्त!

याविरुद्ध पहिल्यांदा तोंड उघडलं ते मिरचीने. नुकतीच कामाला लागलेली कोवळी पोर, पण जीभ तिखट. बिल्ला बंद करा, या मागणीसाठी बायकांनी तिलाच पुढारी केलं. शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या तिच्या थोरल्या जावेच्या ते डोळ्यांत खुपलं.

"इतकी वर्षं मी मान मोडून शिवतेय, आणि पुढारी कोण? तर ही कालची पोर!" घरी भांडी जरा जोरातच आपटू लागली.

मग सुपरवायझरने मिरचीला आत बोलावलं.

"नवरा घरीच बसलाय ना तुझा? तुझंही काम गेलं तर खाल काय? त्यापेक्षा ही ऑफिसच्या संडासची किल्ली घे. तू कशाला बिल्ल्याची वाट बघतेस? बायकांना तेवढं समजाव."

मागणी मान्य होईपर्यंतच, असं स्वतःला बजावत मिरचीने किल्ली घेतली. मागणीचं नाव मात्र तिने पुन्हा काढलं नाही.

जावेने ते बरोबर हेरलं. तरीही एका दुपारी, बिल्ला दुसरीकडे असताना, ती सगळा ताठा गिळून कुजबुजली, "किल्ली दे ना गं. अगदी राहवत नाही."

"कुणी पाहिलं तर माझं काम जाईल, वहिनी."

हे खरंच होतं. पण टोमणेही आठवले होते, आणि नाही म्हणताना मिरचीला बरं वाटलं होतं.

थोड्याच वेळात जावेच्या खुर्चीखाली ओल पसरली. सुपरवायझर खदाखदा हसला. मिरची मान खाली घालून कॉलर शिवत राहिली.

दुसऱ्या दिवशी जाऊ येणार नाही, असंच सगळ्यांना वाटलं. ती आली. मशीनपाशी उभी राहून बाटलीभर पाणी घटाघटा प्यायली. मग शेजारीण प्यायली, मग तिच्या पलीकडची. दुपार व्हायच्या आत सगळ्या एकदम उठल्या आणि बिल्ल्याकडे न बघता संडासच्या दाराकडे निघाल्या. पुढे जाऊ.

मिरचीच्या काळजात कळ उठली, ती आधी मत्सराचीच. ती जागा माझी होती! लाज त्यानंतर आली. तिने किल्ली टेबलावर ठेवली.

"उद्यापासून येऊ नकोस," सुपरवायझर म्हणाला.

ती बायकांच्या मागे जाऊन उभी राहिली. कुणी वळून पाहिलं नाही. थोड्या वेळाने पुढून एक भरलेली बाटली हातोहात तिच्यापर्यंत आली.

"तिला म्हणावं, आधी पाणी पी," जाऊ पुढूनच म्हणाली. "मग बघू."

मिरचीने बाटली तोंडाला लावली.